नकल कराल तर मरण: अमेरिकेतल्या वसाहतींच्या खोट्या नोटा आणि त्यांचा पाठलाग



खिशात पाचशेची नोट असेल तर बाहेर काढा आणि उजेडासमोर धरा. कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा उमटलेला दिसेल. मधली पट्टी नोट तिरकी केली की हिरव्याची निळी होते. कडेच्या रेषा बोटाला जाणवतात. मागच्या बाजूला पंधरा भाषांची चौकट आहे आणि त्यात आपली मराठीही आहे. हा सगळा खटाटोप एकाच कामासाठी आहे. नोट खरी की खोटी, हे तुम्हाला हातावर ओळखता आलं पाहिजे.

ही शर्यत फार जुनी आहे. नोट छापणारा एक युक्ती काढतो आणि नकल करणारा तिच्यावर दुसरी शोधतो. आजच्या भागात आपण या शर्यतीच्या सुरुवातीच्या काळात जाणार आहोत. ठिकाण आहे स्वातंत्र्यापूर्वीची अमेरिका, म्हणजे अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या वसाहती. तिथे काही नोटांवर चक्क छापलेलं असे की नकल करणं म्हणजे मरण. तरीही खोट्या नोटा निघत राहिल्या. असं का झालं, पाठलाग कोणी केला आणि फासावर कोण गेलं, हे आपण पाहू. त्याबरोबर एक प्रश्न सतत मनात ठेवा: खोटी नोट उघडकीला येते, तेव्हा नुकसान कोणाच्या पदरात पडतं?

चांदी नव्हती, म्हणून कागद आला

साल १६९०. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनं फ्रेंचांच्या ताब्यातल्या क्वेबेकवर स्वारी केली. क्वेबेक पडेल, लूट मिळेल आणि तिच्यातून सैनिकांचा पगार भागेल, असा हिशोब होता. क्वेबेक पडलं नाही. सैनिक हात हलवत परत आले आणि त्यांनी पगार मागितला. तिजोरीत तर खडखडाट होता. बिनपगारी सैनिक गावात मोकळे फिरणं किती धोक्याचं, हे मराठी इतिहास वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा त्या वर्षीच्या डिसेंबरात वसाहतीनं ७,००० पौंडांचे कागद छापायचं ठरवलं. अर्थ सरळ होता: हा कागद घ्या, व्यवहारात चालवा, आणि कर भरताना आम्ही तो परत घेऊ. चीनमध्ये कागदी पैसा याच्या कितीतरी शतकं आधी होता. पाश्चात्त्य जगात मात्र सरकारनं काढलेलं हे पहिलं कागदी चलन मानलं जातं.

पण नाणी का नव्हती? कारण वसाहती इंग्लंडकडून कापड, भांडी, हत्यारं असा बराच माल घेत आणि त्याच्या किमतीपोटी चांदी लंडनकडे वाहून जाई. स्वतःची टांकसाळ चालवायला परवानगी नव्हती. बॉस्टनमध्ये १६५२ साली एक टांकसाळ निघाली होती, तीही पुढे बंद पडली. हातात असे ते स्पॅनिश चांदीचे डॉलर, आणि तेही पुरत नसत. व्हर्जिनियात लोक तंबाखूनं देणी भागवत. गावागावात उधारी आणि वस्तूंची देवाणघेवाण चाले, थोडीफार आपल्याकडच्या बलुत्यासारखी. अशा मुलखात कागदी नोट आली आणि बाजार हलू लागला. हळूहळू एकेक वसाहत आपापल्या नोटा छापू लागली.

इथेच खोट्या नोटांचं बीज पडलं. प्रत्येक वसाहतीची नोट वेगळी, सह्या वेगळ्या आणि किंमतही वेगळी. मॅसॅच्युसेट्सचा पौंड आणि लंडनचा पौंड एका मोलाचे नव्हते. बाजारात बसलेल्या दुकानदारानं शेजारच्या चार वसाहतींच्या नोटा ओळखायच्या तरी कशा? सुरुवातीची खबरदारी साधी होती. नोटेची वरची कड नागमोडी कापत आणि उरलेला तुकडा सरकारकडे ठेवत. शंका आली की दोन्ही कडा जुळवून बघायच्या. युक्ती चांगली, पण ती खजिन्याच्या कचेरीत उपयोगाची. बाजारातल्या माणसाजवळ दुसरा तुकडा कुठून असणार?

रेहोबोथच्या घरातली इस्त्री

खोटी नोट करायची तर तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं कोरावी लागत. त्यासाठी कारागिराचा हात हवा आणि दाबयंत्रही हवं. शिवाय तो पत्रा हाच सर्वात मोठा पुरावा. घरात सापडला की खेळ संपला.

मॅसॅच्युसेट्समधल्या रेहोबोथ गावच्या मेरी बटरवर्थ नावाच्या बाईनं ही अडचणच काढून टाकली. ती गृहिणी होती आणि नवरा घरं बांधायच्या धंद्यात. साधारण १७१६ पासून तिनं जे केलं, त्याला लागणारं सगळं सामान कुठल्याही घरात मिळणारं होतं. खळ दिलेलं मलमलीचं फडकं खऱ्या नोटेवर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री दाबायची. नोटेवरची थोडी शाई फडक्यावर उतरते. मग ते फडकं कोऱ्या कागदावर ठेवून पुन्हा इस्त्री फिरवायची. कागदावर फिकट छाप उठते. तिच्यावरून पिसाच्या बारीक लेखणीनं शाई फिरवायची. काम झालं की फडकं चुलीत. पत्रा नाही, यंत्र नाही, मागे उरते ती राख.

घरचे आणि नात्यातले लोक हाताशी होते. त्या खोट्या नोटा ती दर्शनी किमतीच्या निम्म्यानं विकत असे. घेणारा त्या पूर्ण किमतीला खपवी. सात-एक वर्षं हे बिनबोभाट चाललं. १७२३ साली तिच्यासह काहीजणांना अटक झाली. घराची झडती झाली, पण दाखवण्याजोगं हाती काहीच लागलं नाही. इस्त्री आणि लेखणी काय, प्रत्येक घरात असतात. पुराव्याअभावी मेरी सुटली. पुढे असा आरोप तिच्यावर आला नाही आणि ती १७७५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांची होईपर्यंत जगली.

ही गोष्ट बहुतेकदा एका हुशार बाईची गंमत म्हणून सांगतात. पण जरा उलट्या बाजूनं बघा. मेरीनं निम्म्या किमतीत विकलेली नोट शेवटी कोणाकडे जाऊन थांबली असेल? गाय विकून नोट घेतलेला शेतकरी, आठवडाभर राबलेला मजूर, सूत विकणारी विधवा. ज्याच्या हातात असताना नोट खोटी ठरली, त्याचा माल गेला आणि मोबदलाही गेला. मेरीचं नाव इतिहासात राहिलं. या माणसांची नोंद कुणी ठेवली नाही.

फ्रँकलिनची पानं

आता शर्यतीतला दुसरा गडी. बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला माहीत असतो तो वीज आणि पतंगाच्या प्रयोगामुळे. पण त्याचा पोटापाण्याचा धंदा छापखान्याचा. १७२८ साली न्यू जर्सीच्या नोटा छापायच्या कामावर तो बर्लिंग्टनला गेला आणि तिथे त्यानं तांब्याच्या पत्र्यावरून छापायचं यंत्र जुळवलं. दुसऱ्याच वर्षी त्यानं कागदी चलन का हवं, यावर एक पुस्तिका लिहिली. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या नोटा छापायचं काम त्याच्याकडे आलं. पुस्तिका लिहून लोकांचं मन वळवायचं आणि मग छपाईचं कंत्राटही आपणच घ्यायचं, इतका व्यवहार त्याला नक्की कळत होता.

फ्रँकलिनच्या लक्षात आलं की माणसानं कोरलेली रेघ दुसरा माणूस कोरू शकतो. मग माणसाला कोरता येणार नाही असं काय आहे? झाडाचं पान. पानाच्या शिरांची जाळी बघा. मध्ये जाड शीर, तिच्यातून निघालेल्या बारीक आणि त्यातून आणखी बारीक. कुठलीही दोन पानं सारखी नसतात. १७३०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यानं नोटेच्या पाठीवर खऱ्या पानाची छाप द्यायला सुरुवात केली. पानाचा साचा प्लास्टरमध्ये घ्यायचा आणि त्यातून धातूचा ठसा ओतायचा. ही कृती त्यानं इतकी गुप्त ठेवली की तिचा उलगडा व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं.

२०२३ साली अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या काळच्या सुमारे सहाशे नोटा आधुनिक उपकरणांखाली तपासल्या. फ्रँकलिनच्या नोटांची काळी शाई ग्रॅफाइटची निघाली, तर इतर ठिकाणी जाळलेल्या हाडांची किंवा तेलाची काजळी वापरत. कागदात निळे धागे आणि अभ्रकाचे कण मिसळलेले आढळले. आज आपण सुरक्षा धागा म्हणतो, त्याचे हे पूर्वजच म्हणायचे.

यातली खरी हुशारी पानात किंवा धाग्यात नाही. नागमोडी कड ओळखायला कचेरी लागत होती, पान ओळखायला नुसते डोळे पुरत. लिहितावाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही पानाच्या शिरा दिसतात आणि त्या पुसट, ओबडधोबड झाल्या तर त्याला संशय येतो. पारख करायचं साधन पहिल्यांदा नोट घेणाऱ्याच्या हातात आलं.

याच नोटांवर ती ओळ होती: नकल करणं म्हणजे मरण. ही धमकी काही अमेरिकेचा शोध नव्हे. चौदाव्या शतकातल्या चीनमध्ये मिंग राजवटीच्या नोटेवर खोटी नोट करणाऱ्याचा शिरच्छेद होईल आणि त्याची खबर देणाऱ्याला चांदी मिळेल, असं छापलेलं असे. प्रश्न एवढाच, की मरणाची धमकी दिली म्हणून माणूस सापडतो का?

सरहद्दीवरचा सुलिव्हन

आता अशा माणसाची गोष्ट, ज्याला सगळ्या शिक्षा झाल्या आणि तरी तो थांबला नाही. ओवेन सुलिव्हन मूळचा आयर्लंडचा. आपल्याकडून मॉरिशस-फिजीला गिरमिटिये गेले, तसाच तोही काही वर्षांच्या मजुरीच्या करारावर अमेरिकेत आला. पुढे बॉस्टनमध्ये धातूवर कोरीवकाम करू लागला. ज्याला शिक्का कोरता येतो, त्याला नोटेचा पत्राही कोरता येतो. सांगतात ते असं, की नवरा-बायकोच्या कडाक्याच्या भांडणात बायकोनं त्याला चाळीस हजार पौंडांचा पैसे पाडणारा म्हणून हिणवलं, शेजाऱ्यांनी ते ऐकलं आणि तो पकडला गेला.

बॉस्टनमध्ये त्याला चव्हाट्यावर खोड्यात अडकवून उभं केलं आणि वीस फटके मारले. तो उठला आणि ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला गेला. तिथे पुन्हा तेच. १७५२ साली तिथे त्याला डागलं आणि त्याचे कान कापले. कान कापण्याचा हेतू नुसती वेदना देणं हा नव्हता. त्या काळी फोटो नाही, ओळखपत्र नाही. कापलेला कान म्हणजे जन्मभर अंगावर बाळगायचा दाखला. लोकांनी बघताच सावध व्हावं, हा उद्देश.

पण सुलिव्हननं मुलूखच असा निवडला, की बघणाऱ्यांना बघायचं नव्हतं. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट यांच्या मध्ये ओब्लाँग नावाची एक पट्टी होती, जेमतेम दोन मैल रुंद आणि साठ मैल लांब. तिच्यावरून दोन्ही वसाहतींत वर्षानुवर्षं वाद चालला होता. १७३१ साली ती न्यूयॉर्कला मिळाली, तरी तिथे अंमल कोणाचाच धड नव्हता. डोंगर, दलदल आणि विखुरलेली वस्ती. त्या भागात, डोव्हर गावाजवळ, सुलिव्हननं टोळी जमवली आणि अनेक वसाहतींच्या नोटा छापायला लागला.

कायद्याची पंचाईत इथे कळते. आपल्याकडे इंग्रजी मुलखात गुन्हा करून संस्थानच्या हद्दीत शिरलेल्या दरोडेखोराला पकडणं जिकिरीचं असे. तिथेही तसंच होतं. न्यूयॉर्कच्या डोंगरात बसून कनेक्टिकटची नोट छापली, तर पकडायचं कोणी? आजच्यासारखे पोलीस तर नव्हतेच, लंडनमध्येसुद्धा आधुनिक पोलीसदल निघालं १८२९ साली. गावचा कॉन्स्टेबल असे आणि शेरीफ असे, आणि त्यांचा अधिकार आपापल्या हद्दीपुरता. तुरुंग बहुतेक लाकडी, त्यातून पळणं अवघड नसे.

दुसरी अडचण माणसांची. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे रोख पैसा नसे. नोट खोटी असली तरी दुकानदार घेतो ना, पुढचा घेतो ना, मग आपलं काय जातं? सुलिव्हन त्यांना चोर वाटत नव्हता. तो रोकड आणणारा माणूस होता. असे शेजारी साक्ष द्यायला पुढे येत नाहीत आणि त्यांच्यातूनच निवडलेले ज्यूरीही शेजाऱ्याला फाशी देताना कचरतात. शिक्षा जितकी भयंकर, तितका दोषी ठरवणाऱ्याचा हात आखडतो.

ही कोंडी फोडली एका खाजगी माणसानं. न्यू हेवनचा एलिफलेट बीचर. तो कनेक्टिकटच्या विधिमंडळाकडे गेला आणि या टोळीमागे लागायची जबाबदारी त्यानं मागून घेतली. विधिमंडळानं त्याला अधिकार आणि खर्चाची हमी दिली. बीचरनं आपली माणसं गोळा केली आणि सरहद्द ओलांडून तो डोंगरात शिरला. आधी टोळीची दडण्याची जागा हाती आली, पण सुलिव्हन निसटला. मग घरोघरी शोध सुरू झाला. अखेर मार्च १७५६ मध्ये एका घराच्या फळ्यांच्या जमिनीखाली खणलेल्या पोकळीत सुलिव्हन सापडला.

खटला कुठे चालवायचा, हाही विचार झालाच. कनेक्टिकटच्या कायद्यात कान कापणं, डागणं अशा शिक्षा होत्या, न्यूयॉर्कच्या कायद्यात फाशी होती. सुलिव्हनला न्यूयॉर्कला नेलं. तिथे तो दोषी ठरला. पण फाशी देणारा माणूसच वेळेवर मिळेना, म्हणून फाशीची तारीख पुढे ढकलावी लागली. १० मे १७५६ रोजी त्याला फासावर चढवलं. साथीदारांची नावं सांगायला त्यानं शेवटपर्यंत नकार दिला. त्यांना सल्ला मात्र दिला, की उरलेल्या नोटा आणि पत्रे जाळून-मोडून टाका, नाहीतर तुमचीही हीच गत होईल.

मरणाची धमकी नोटेवर होती. पण सुलिव्हनला गाठलं ते तिनं नव्हे. हद्द ओलांडायची परवानगी, खर्चाला पैसे आणि पाठ न सोडणारा माणूस या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा तो सापडला.

फास कोणाच्या गळ्यात?

आणखी एक प्रकरण, १७७३ सालचं. न्यू जर्सीच्या मॉरिस परगण्यात सॅम्युएल फोर्ड नावाचा माणूस दलदलीत दडून नोटा छापत असे. तो पकडला गेला आणि लगेच तुरुंगातून पळालाही. शेरीफनंच डोळेझाक केली, असं लोक उघड बोलत. फोर्ड व्हर्जिनियाच्या बाजूला गेला आणि नाव बदलून राहिला.

सापडले ते त्याचे साथीदार. त्यातल्या चौघांना फाशी सुनावली. यात वजनदार घरातली माणसं होती, एक तर वैद्यकी करणारा डॉक्टर होता. १७ सप्टेंबर १७७३ हा फाशीचा दिवस ठरला. पण ओळखीपाळखी कामाला आल्या, अर्जविनंत्या झाल्या आणि चौघांपैकी तिघांची फाशी टळली. लटकला तो एकटा डेव्हिड रेनॉल्ड्स. तो आयरिश होता आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नव्हतं.

मुख्य सूत्रधार पळाला, प्रतिष्ठित सुटले आणि बिनवशिल्याचा गेला. नोटेवरची धमकी सगळ्यांना सारखी होती, तिची अंमलबजावणी मात्र माणूस बघून झाली.

सरकारच नकल करू लागलं

१७७५ साली वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या. युद्धाला पैसा हवा आणि कर बसवायचा अधिकार त्यांच्या काँग्रेसला नव्हता. मग काँग्रेसनं नोटा काढल्या. जूनमध्ये २० लाख डॉलरपासून सुरुवात झाली. छपाई केली फ्रँकलिनच्याच जुन्या छापखान्याच्या वारसदारांनी. या नोटांना काँटिनेंटल म्हणत.

आता इंग्लंडच्या लक्षात आलं, की या लढाईत शत्रूचा दारूगोळा म्हणजे कागद आहे. १७७६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बंदरातल्या फिनिक्स या इंग्रज युद्धनौकेवर काँग्रेसच्या खोट्या नोटा छापल्या जात होत्या. एप्रिल १७७७ मध्ये तर इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रात उघड जाहिरात आली. इतर वसाहतींत जाणाऱ्यांना हव्या तितक्या खोट्या नोटा मिळतील आणि त्यांची किंमत फक्त कागदाची. या नोटा घेऊन आतल्या मुलखात पसरवणाऱ्यांना 'शव्हर', म्हणजे ढकलणारे, असं नाव पडलं. त्यातल्या डेव्हिड फार्न्सवर्थ आणि जॉन ब्लेअर या दोघांना दहा हजारांहून जास्त डॉलरच्या खोट्या नोटांसह पकडलं आणि नोव्हेंबर १७७८ मध्ये हार्टफर्डला फाशी दिलं.

गंमत लक्षात आली ना? ज्या इंग्लंडच्या कायद्यात नोटेची नकल म्हणजे फाशी, तेच इंग्लंड शत्रूच्या नोटा छापत होतं.

जानेवारी १७७९ मध्ये काँग्रेसला हात टेकावे लागले. १७७७ आणि १७७८ सालच्या दोन छपायांमध्ये खोट्या नोटा इतक्या घुसल्या होत्या, की त्या दोन्ही छपाया पूर्णपणे परत मागवल्या. ज्याच्याकडे त्या असतील, त्यानं ठरलेल्या मुदतीत आणून द्याव्यात. खरी नोट बाळगणाराही आता रांगेत आणि शंकेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काँटिनेंटल बुडाली ती फक्त खोट्या नोटांमुळे नाही. काँग्रेसनं १७७९ च्या अखेरपर्यंत सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा काढल्या होत्या आणि त्यामागे ना चांदी होती, ना कर. खऱ्याच नोटा इतक्या झाल्या, की त्यांची किंमत उतरली. खोट्या नोटांनी त्या घसरणीला धक्का दिला. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनं स्वतःच ४० कागदी डॉलर बरोबर चांदीचा १ डॉलर असा भाव मान्य केला. पुढच्या वर्षी नोटा कवडीमोल झाल्या. अगदी टाकाऊ वस्तूसाठी 'काँटिनेंटलच्याही मोलाची नाही' असं म्हणायची पद्धत इंग्रजीत रूढ झाली.

फ्रँकलिननं नंतर या घसरणीचं समर्थन केलं. नोटेची किंमत उतरणं हा एक प्रकारचा करच आहे, ज्याच्या हातात नोट असते तो तेवढा कर भरतो, असा त्याचा युक्तिवाद. हिशोबानं ते बरोबर असेल. पण नोट सर्वात जास्त वेळ कोणाच्या हातात राहिली? व्यापारी ती लगेच जमिनीत किंवा मालात गुंतवे. पगार म्हणून नोटा घेतलेला सैनिक घरी पोचेपर्यंत त्या खिशातच असत. १६९० साली सैनिकांचा पगार भागवायला कागद आला होता आणि नव्वद वर्षांनी त्याच कागदानं सैनिकांचा पगार खाल्ला.

या अनुभवातून अमेरिकेनं धडा घेतला. १७८७ च्या राज्यघटनेत राज्यांना अशा नोटा काढायला बंदी झाली आणि नाणी व सरकारी रोख्यांच्या नकलेला शिक्षा करायचा अधिकार केंद्राच्या काँग्रेसकडे गेला. सुलिव्हन ज्या फटीत राहत होता, ती फट कागदावर तरी बुजली.

आणि आपल्याकडे

काँग्रेसच्या नोटा निघाल्या त्याच १७७५ साली, ५ ऑगस्टला, कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना फाशी झाली. आरोप होता खोटा कर्जरोखा केल्याचा. त्यांनी वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप केले होते, त्यामुळे हा न्याय होता की सूड, यावर तेव्हापासून वाद आहे. ज्या कायद्यानं त्यांना फाशी झाली, तो इंग्लंडच्या पार्लमेंटचा १७२८ चा. इथल्या रीतीप्रमाणे अशा गुन्ह्याला मरणाची शिक्षा नव्हती.

हिंदुस्थानात सरकारी नोटा आल्या १८६१ च्या कायद्यानं. त्याआधी मुंबई, बंगाल आणि मद्रासच्या बँका आपापल्या नोटा काढत, त्यांचा तो अधिकार गेला. तरी सुरुवातीला नोट ज्या विभागातून निघाली, तिथेच ती वटवण्याचा हक्क असे. मुंबईची नोट कलकत्त्यात वटेलच अशी खात्री नव्हती. टपालानं पैसे पाठवताना लोक नोटेचे दोन तुकडे करत. एक आधी पाठवायचा आणि तो पोचल्याचं कळलं की दुसरा. राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या पहिल्या नोटांच्या इतक्या नकला झाल्या, की १८६७ मध्ये त्या मागे घेऊन नव्या धर्तीच्या नोटा आणाव्या लागल्या. या नव्या नोटांवर आधी चार आणि पुढे आठ भाषांत मजकूर आला. फ्रँकलिनच्या पानाचं काम इथे भाषा करू लागल्या. १८९९ मध्ये नोटांच्या नकलेसाठी दंड संहितेत वेगळी कलमं घातली गेली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी केलेल्या हुबेहूब नकलांमुळे १९४४ साली भारतीय नोटेत पहिल्यांदा सुरक्षा धागा आला. म्हणजे युद्धात शत्रूची नोट छापायचा इंग्रजांचा जुना डाव इथे इंग्रजांच्याच नोटेवर उलटला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नुकसान कोणाचं? याचं उत्तर अडीचशे वर्षांत फारसं बदललेलं नाही. आज तुम्ही बँकेत पैसे भरायला गेलात आणि गड्डीत एक नोट खोटी निघाली, तर बँक ती जप्त करते, तिच्यावर शिक्का मारते, तुम्हाला पावती देते आणि तिचे पैसे देत नाही. खोटी आहे हे माहीत नसताना ती बाळगलीत, तर कायदा तुम्हाला गुन्हेगार धरत नाही, पण भरपाईही करत नाही. भरपाई दिली तर लोक खोट्या नोटा मुद्दाम आणून बदलून नेतील, ही सरकारची अडचण खरी आहे. तरीही भाजी विकून मिळालेली पाचशेची नोट खोटी निघाली, तर त्या बाईची अख्ख्या दिवसाची कमाई जाते, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून नोटेवरची खूण ही शोभा नव्हे. माणसाजवळ नुकसान टाळायचं तेवढं एकच साधन असतं, आणि ते नोट हातात घेतानाच वापरावं लागतं. नोट मोजून घेतो, तशी बघूनही घ्या. त्यात समोरच्याचा अपमान नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशींना त्या खुणा एकदा दाखवून ठेवा. खूण केलेली असून ती माहीत नसेल, तर त्यांच्यासाठी ती नसल्यासारखीच आहे.